वऱ्हाडच्या काळींत घातलेला पाया

वऱ्हाडांत घर बांधणाऱ्या गवंड्याला पायाचें महत्त्व कोणी शिकवावें लागत नाहीं. येथली काळी माती कापसाला आईसारखी, पण घराला वैरिणीसारखी आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आळून तिला भेगा पडतात, आणि जो कोणी वरच्यावर चर खणून भिंत उभी करितो त्याच्या भिंतीला दोनचार वर्षांत चीर जाते. म्हणून जाणता मनुष्य काळी उपसून मुरूम लागेपर्यंत खालीं जातो आणि मगच दगड बसवितो. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानांत, डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं, खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर घर बांधणारा मूर्ख अशा दोघांचा एक दृष्टान्त आहे. त्यांतली एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. उपदेश दोघांनींहि ऐकलेला असतो. एक तो आचरणांत आणितो, दुसरा आणीत नाहीं, एवढाच दोघांत भेद. आणि तो भेद चांगल्या दिवसांत कोणालाहि दिसत नाहीं. पूर आला, वारा सुटला, म्हणजेच कोणाचा पाया कसा होता तें कळतें.

प्रस्तुत लेखांत आम्हांला याच दृष्टान्ताची कसोटी इतिहासाला लावून पाहावयाची आहे. ख्रिस्ती धर्म महाराष्ट्रांत बाहेरून आला, परक्यांच्या पैशावर वाढला, आणि ते परके गेल्यावर तो टिकण्याचें कारण उरलें नाहीं, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळ काळापासून आहे. उलट पक्षीं, मिशनांच्या अहवालांत बाप्तिस्मा घेतलेल्यांचे आंकडे वाचून धर्माचा पाया भक्कम झाला असें मानणारेहि होते. हे दोन्ही समज एकाच चुकीचे आहेत: दोघेहि इमारतीची उंची मोजतात, पाया खणून पाहत नाहींत. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हे. इतिहासाचे अभ्यासक आहों. परंतु श्रद्धेचा पाया कशानें भक्कम होतो, हा प्रश्न एका पंथापुरता नाहीं. ज्या घरांत देवघर आहे पण त्यांतल्या देवाशीं घरच्या मुलांची ओळख राहिलेली नाहीं, त्या घरालाहि तो तितकाच लागू आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं वाशीम जिल्हा निवडला आहे. ह्या निवडीचें नवल वाटण्याचा संभव आहे. बारा लक्षांच्या आसपास वस्तीच्या या जिल्ह्यांत ख्रिस्ती लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी अगदीं थोडे. शिवाय हा प्रांत धर्माच्या बाबतींत रिकामा कधींच नव्हता. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या सर्वसेन राजानें 'हरिविजय' हें काव्य संस्कृतांत न लिहितां महाराष्ट्री प्राकृतांत लिहिलें, आणि त्याच वंशांतल्या हरिषेणाच्या काळीं अजिंठ्याचीं सुंदर लेणीं कोरलीं गेलीं. वाशिमांत बालाजीचें अठराव्या शतकांतलें देऊळ आहे. कारंजा हें नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना पूज्य. शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथ. पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. अशा गजबजलेल्या धर्मभूमींत नवा पाया घालावयाचा तर जागा मोकळी मिळत नाहीं. आधीं खणावें लागतें. म्हणूनच येथलें उदाहरण बोधप्रद आहे. जेथें संख्येचा, सत्तेचा किंवा रूढीचा आधार नाहीं तेथें श्रद्धा कशावर उभी राहते तें स्वच्छ दिसतें.

परंतु वाशिमाकडे येण्यापूर्वीं मराठींतल्या ख्रिस्ती धर्माचा पहिला पाया कोठें पडला तें पाहिलें पाहिजे. तो गोव्याकडे पडला. फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्यानें तेथली भाषा अशी आत्मसात केली कीं १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें त्याचें 'क्रिस्तपुराण' आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मानानें गणलें जातें. दहा हजारांहून अधिक ओव्या, पहिलें पुराण आणि दुसरें पुराण असे दोन भाग, आणि छंद तोच जो ज्ञानेश्वर-एकनाथांनीं घरोघर पोंचविला होता. स्टीफन्सला कळलें होतें कीं नव्या ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या घरांतून पोथी गेली आणि तिच्या जागीं कांहीं आलें नाहीं, तर त्या घराला नुसती पोकळी उरेल. संध्याकाळीं चार माणसें जमून ऐकावें असें कांहीं त्याला द्यावयाचें होतें, आणि तें त्याच्या बोलींत, त्याच्या चालींत द्यावयाचें होतें.

पुढें काय झालें? १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली आणि लोकांनीं पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. ज्या सत्तेच्या छत्राखालीं पुराण छापलें गेलें त्याच सत्तेनें त्या पुराणाच्या भाषेवर घाव घातला. सत्तेच्या आश्रयानें घातलेल्या पायाचें हें पहिलें वैगुण्य: ज्या हातानें दगड बसविला तोच हात तो केव्हां उपटील याचा नेम नाहीं. तरी पुराण मेलें नाहीं. पहिल्या छापील प्रती नाहींशा झाल्या तरी तें हस्तलिखितांतून उतरत राहिलें आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हा छापलें गेलें. सत्तेच्या हुकुमापेक्षां भाविकांच्या पाठान्तराचें आयुष्य अधिक, हें येथें सिद्ध झालें.

दुसरा अध्याय इंग्रजी अमदानींतला. श्रीरामपूरच्या विल्यम केरीनें नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्यानें मराठींत शास्त्र उतरविण्यास आरंभ केला आणि १८११ सालीं 'नवा करार' मोडी लिपींत छापला. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. १८४२ सालीं अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघालें. शाळा, छापखाना, दवाखाना या तीन वाटांनीं नवा धर्म देशावर पसरला. परंतु या मिशनांच्या धुरीणांपैकीं कांहींना फार लवकर एक शंका आली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेले. त्यांचें म्हणणें असें कीं मिशनरी हा माळ्याच्या काठीप्रमाणें आहे. वेल वर चढल्यावर काठी काढतां आली पाहिजे. मंडळीनें आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा, आपला प्रसार आपण करावा. आणि पाळक या भूमीचाच असावा. ही दृष्टि उत्तम होती. व्यवहार मात्र तिच्या मागें पन्नास-शंभर वर्षें रखडला, कारण पैसा परदेशांतून येत होता, आणि ज्याच्या हातीं तिजोरीची किल्ली असते त्याच्याच हातीं शेवटीं घराची किल्ली जाते.

वऱ्हाडची कहाणी त्यानंतरची. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत दिला; १९०३ पासून तो मध्यप्रांताशीं जोडला गेला. वाशीम हा आधीं स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोल्यांत घातला, आणि १९९८ सालीं पुन्हा स्वतंत्र झाला. या भागांत अनेक लहानमोठीं अमेरिकन मिशनें येऊन वसलीं: यवतमाळास फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, बुलढाण्यास पुढें नाझरीन मंडळीचें झालेलें मिशन, आणि वाशिमास मेथडिस्ट. त्याच सुमारास १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. जनावरें मेलीं, माणसें रस्त्यांत पडलीं, आईबाप गमावलेलीं मुलें मिशनांच्या आवारांत आलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ पुढें ख्रिस्ती म्हणून वाढलीं.

'भाकरीसाठीं धर्म सोडला' हा आरोप येथून सुरू झाला. तो सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. उपाशी माणसाच्या हातांत भाकरी आणि पुस्तक एकदम ठेवलें, तर तो पुस्तक कशासाठीं घेतो हें त्याचें त्यालाहि सांगतां यावयाचें नाहीं. पण आरोप करणाऱ्यांनीं दोन गोष्टी लक्षांत घ्याव्यात. पहिली ही कीं, त्या मुलाला भाकरी देण्यास दुसरें कोण पुढें आलें होतें, हा प्रश्न आपल्या समाजाला टाळतां येत नाहीं. दुसरी ही कीं, मनुष्य घरांत कोणत्या दारानें आला यावरून तो घरांत कां राहिला हें ठरत नाहीं. दुष्काळ सरला, पिकें आलीं, भाकरी सर्वत्र मिळूं लागली, तरी जीं माणसें राहिलीं, त्यांच्या राहण्याचें कारण भाकरीपलीकडे शोधलें पाहिजे.

तें कारण शोधण्यासाठीं मराठींतल्या चार ख्रिस्ती व्यक्तींकडे पाहणें उपयुक्त होईल, कारण त्यांनीं आपल्या श्रद्धेची जडणघडण स्वतः लिहून ठेविली आहे किंवा त्यांच्या निकटच्यांनीं ती लिहिली आहे. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांच्या दुःखाला मराठी कादंबरीचें पहिलें रूप दिलें. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रांत नव्या धर्माकडे जाण्याचा त्यांचा मार्ग सविस्तर आला आहे. हा मार्ग शंका, वाद, वाचन आणि घरच्यांशीं ताटातूट यांतून गेलेला आहे; त्यांत लाभाचा लवलेश नाहीं, नुकसानीच मात्र पुष्कळ आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. आईबाप दुष्काळांत गमावलेली, संस्कृतांत पारंगत असलेली ही बाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें ख्रिस्ती झाली. पण बाप्तिस्मा झाला म्हणून बुद्धि गहाण पडली नाहीं. ज्या भगिनींनीं तिला आश्रय दिला त्यांच्याशीं तिनें धर्ममतांवर वर्षानुवर्षें पत्रांतून वाद घातला; बिशपनें सांगितलें म्हणून मानावयाचें, हें तिला मान्य नव्हतें. आणि पुढें आपल्या आत्मनिवेदनांत तिनें निःसंकोच नमूद केलें आहे कीं बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षें आपल्याला धर्म मिळालेला होता, पण त्या धर्माचा धनी मिळालेला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला. हें कबूल करण्यास मोठें धैर्य लागतें. बाप्तिस्म्याची तारीख ही इमारतीच्या वास्तुशांतीची तारीख. पाया त्यानंतर आठ वर्षें खणला जात होता! आणि पाया लागल्यावर जें उभें राहिलें तें सर्वश्रुत आहे. १८९६ च्या दुष्काळांत तिनें मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणिल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन हजारांच्या घरांत माणसें राहत. तेथें मुली विणीत, तेल गाळीत, शेती करीत आणि छापखान्यांत खिळे जुळवीत. रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठींत उतरविलें. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

नारायण वामन टिळक यांचा संबंध तर आमच्या प्रांताशीं आहे. नागपुरास वास्तव्य असतां, राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर पुस्तक खालीं ठेववेना, असें त्यांच्या चरित्रांत प्रसिद्ध आहे. तरी लगेच उडी घातली नाहीं. दोनएक वर्षें विचारांत गेलीं आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस, एका एतद्देशीय पाळकाच्या हस्तें, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यांच्या मागून येण्यास पांच वर्षें लागलीं. त्या पांच वर्षांची हकीगत त्यांनीं 'स्मृतिचित्रें'मध्यें सांगितली आहे, आणि मराठींत त्या तोडीचें आत्मचरित्र क्वचितच आढळेल. नवऱ्याच्या आज्ञेनें त्या गेल्या नाहींत. सोंवळें, शिवाशीव, माहेरचा धाक, एकटेपण, या एकेका थराखालीं त्यांनीं आपल्या मनाची माती उपसली. जातिभेद ईश्वरानें केला नसून माणसानें केला हें त्यांना पटलें, तेव्हां आधीं त्यांचा पाण्याचा तांब्या बदलला आणि नंतर त्यांचा धर्म बदलला.

या चौघांच्या चरित्रांत एक समान सूत्र आहे. चौघांनींहि किंमत मोजली, चौघांनींहि वेळ घेतला, आणि चौघांनींहि मराठी सोडली नाहीं. टिळकांनीं तर यापुढें जाऊन ओळखलें कीं मराठी शब्द पुरेसे नाहींत. मराठी रीत हवी. विलायती चालीवरच्या पदांऐवजीं अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन त्यांनीं उपासनेंत आणिलें. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आज जें 'उपासना संगीत' हातीं धरून गातात त्यांत टिळकांच्या पदांचा वांटा फार मोठा आहे. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाहि जागा ठेविली. दोनच वर्षांनीं ते वारले आणि दरबार मोडला. पण पगार सोडण्याचें तें कृत्य एखाद्या ग्रंथाइतकें महत्त्वाचें आहे. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं, शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या बाईनें, पुरें केलें.

कोणी म्हणेल, हे सर्व असामान्य लोक. शेतमजुराच्या, शिपायाच्या, परिचारिकेच्या घरीं श्रद्धेचा पाया कसा पडावा? येथें आम्ही पुन्हा वाशिमाकडे वळतों. वाशिमांत आधीं आलेले मेथडिस्ट आणि मागून आलेले नाझरीन, हे दोघेहि अठराव्या शतकांतल्या जॉन वेस्लीच्या परंपरेचे. वेस्लीची मोठी करामत त्याच्या व्याख्यानांपेक्षां त्याच्या व्यवस्थेंत होती. १७४२ सालीं ब्रिस्टल येथें प्रार्थनागृहाचें कर्ज फेडावयाचें होतें. सुमारें बाराबारा जणांचे गट करून प्रत्येक गटाच्या मुख्यानें दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी, असें ठरलें. पेनी मागावयास मुख्य घरोघर जाऊं लागला तेव्हां त्याला दिसलें कीं कोणाच्या घरीं दारू शिरली आहे, कोणी आजारी आहे, कोणी प्रार्थना सोडली आहे. वसुलीचा मुख्य हा हळूहळू सुखदुःखाचा सोबती झाला, आणि कर्जफेडीसाठीं काढलेली युक्ति त्या पंथाचा कणा ठरली. व्यासपीठावरचें प्रवचन हजारांनीं ऐकावें. पण पाया बारांच्या बैठकींत पडतो. आपल्याकडे वारकरी फडांत, हरिनाम सप्ताहांत, एकादशीच्या भजनांत हेंच तत्त्व शेंकडों वर्षें चालत आलें आहे. कोणी आला नाहीं तर 'आज दिसला नाहीं' म्हणून विचारणारें कोणी असणें, ही श्रद्धेची फार मोठी राखण आहे.

वाशीमचें ठाणें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत मेथडिस्टांकडून नाझरीन मंडळीकडे आलें. १९३६ सालीं डॉ. ऑर्फा स्पायकर ही तरुण अमेरिकन स्त्री-डॉक्टर आली, आणि १९३८ सालीं जुन्या शाळेच्या इमारतींत तिनें दवाखाना उघडला. त्या मंडळीचे एक अध्यक्ष व मिशनकार्याचे पुरस्कर्ते हिरम रेनॉल्ड्स यांच्या स्मरणार्थ त्यास रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल असें नांव पडलें. ज्या काळीं बाळंतीण अडली म्हणजे वऱ्हाडांतल्या खेड्याला सुईण आणि नवस यांखेरीज तिसरा उपाय नसे, त्या काळीं बैलगाडींतून आलेल्या बाईवर बाईच्याच हातून उपचार होऊं लागले. सुमारें चाळीस वर्षें हें काम तिनें केलें. परिचारिकांचें शिक्षण तेथेंच सुरू झालें आणि खेड्यापाड्यांतल्या मुली पांढरा पोषाख घालून, पगार घेऊन, घर चालवूं लागल्या.

या शेवटच्या गोष्टीचें मोल आम्हांस सर्वांत अधिक वाटतें. दान घेणारा मनुष्य कृतज्ञ होईल, पण त्याची श्रद्धा स्वतंत्र होत नाहीं. ज्या दिवशीं तो स्वतः दुसऱ्याची जखम धुवूं लागतो त्या दिवशीं त्याचा धर्म त्याचा स्वतःचा होतो. रात्रपाळीला जागणारी परिचारिका रोग्याची जात विचारीत नाहीं, त्याचा देव विचारीत नाहीं. ती आपला धर्म आचरीत असते. दृष्टान्तांत 'ऐकून करणारा' म्हणून जो सांगितला तो हाच. त्या दवाखान्यांतून बरे होऊन गेलेल्यांपैकीं बहुतेक आपापल्या धर्मांतच राहिले. त्यानें मिशनचें काम फसलें असें मानणें चूक आहे. त्यानें उलट तें काम केवळ जाळें नव्हतें, हें सिद्ध होतें.

आतां पुराची आणि वाऱ्याची वेळ. १९४७ सालीं राज्य बदललें. वाशीम पुढें मध्यप्रदेशांत आलें. १९५४ सालीं त्या सरकारनें मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठीं नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. तिचा अहवाल १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. धर्मान्तर हाच ज्यांचा मुख्य हेतु आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनीं परत जावें, अशी तिची एक शिफारस होती. अहवालाच्या भाषेविषयीं तेव्हां पुष्कळ वाद झाला, आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु त्यानें एक प्रश्न उघड्यावर आणिला हें खरें: परदेशी मनुष्य आणि परदेशी पैसा वजा केला तर बाकी काय राहते?

त्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरांत डॉ. आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या सोहळ्यांत दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः नियोगीहि होते. विदर्भाच्या धर्मेतिहासांत या घटनेशीं तुलना केल्यावांचून कोणत्याहि धर्मान्तराचा विचार पुरा होत नाहीं. १९३५ सालीं येवल्यास घोषणा झाल्यापासून एकवीस वर्षें आंबेडकरांनीं पाया खणला. अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनीं त्यांना आपल्याकडे बोलाविलें, ख्रिस्ती धर्मगुरूंनींहि बोलाविलें. पण त्यांनीं घाई केली नाहीं. आणि अनुयायांना नुसतें नांव न देतां बावीस प्रतिज्ञा दिल्या, म्हणजे रोज आचरावयाचा धर्म दिला. वाशीम जिल्ह्यांत बौद्ध वस्त्या गांवोगांव आहेत आणि ख्रिस्ती घरें तुरळक आहेत. यांत मिशनांना एक धडा आहे: अपमानित समाजाला करुणेपेक्षां स्वाभिमानाची भूक मोठी असते, आणि जो धर्म त्याला 'तूंच तुझा मालक' असें सांगतो त्याच्याकडे तो आधीं जातो.

तरी लहान पायाहि भक्कम असूं शकतो. परदेशी मंडळी क्रमाक्रमानें निघून गेली. यवतमाळास १९३८ सालीं मराठींत धर्मशिक्षण देणारी जी लहान शाळा निघाली होती ती १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि १९८३ सालीं पुण्यास गेली. आज तेथें देशाच्या सर्व भागांतले पाळक तयार होतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांतच अनेक पंथांनीं एकत्र येऊन उत्तर भारताची एकसंघ मंडळी स्थापिली. मेथडिस्ट आणि नाझरीन तींत मिळाले नाहींत, पण त्यांचाहि कारभार हिंदी माणसांच्या हातीं आला. वाशीमचें हॉस्पिटल परदेशी डॉक्टरांबरोबर गेलें नाहीं. येथल्याच डॉक्टरांनीं आणि परिचारिकांनीं तें चालविलें. काठी काढली आणि वेल उभी राहिली.

या चित्राला डागहि आहेत, आणि ते झांकणें इतिहासकाराचें काम नव्हे. मिशनच्या आवारांत वाढलेल्या समाजाला आवाराबाहेर पडण्याची संवय लवकर लागली नाहीं. नोकरी, शाळा, घर, सर्व एकाच दारांतून मिळत गेल्यानें परावलंबन मुरलें. संस्थांच्या जमिनी आणि मालमत्ता यांवरून ठिकठिकाणीं कज्जे चालले, आणि प्रार्थनेसाठीं जमणारे लोक कोर्टांत समोरासमोर बसले. विवाह जुळवितांना पूर्वीची जात हळूच विचारण्याची खोड पुष्कळ ख्रिस्ती घरांतून अजून गेलेली नाहीं. लक्ष्मीबाईंनीं जो तांब्या टाकला तो कित्येकांनीं पुन्हा उचलला. हे दोष परक्यांचे म्हणून हंसण्याजोगे नाहींत. आपल्या देवस्थानांचे दावे आणि आपल्या पंक्तींतले भेद पाहिले तर ही सर्व काळी माती एकाच शिवारांतली आहे हें ध्यानांत येईल.

मग भक्कम पाया कशाला म्हणावयाचें? चारशें वर्षांच्या या इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. श्रद्धा मातृभाषेंत रुजली पाहिजे. ज्या भाषेंत मनुष्य रडतो त्याच भाषेंत त्याला प्रार्थना करतां आली पाहिजे. श्रद्धेनें बुद्धीची चाळणी सोसली पाहिजे; रमाबाईंचा वाद आणि लक्ष्मीबाईंचीं पांच वर्षें यांवांचून जो धर्म मिळतो तो उसनवार असतो. आणि श्रद्धेनें हातांत उतरलें पाहिजे. तिला दुसऱ्यासाठीं जागतां आलें पाहिजे. यांतली एकहि गोष्ट पैशानें विकत मिळत नाहीं, हुकुमानें होत नाहीं, किंवा बापाकडून मुलाला वारसाहक्कानें जात नाहीं. प्रत्येक पिढीला आपापली काळी आपणच उपसावी लागते.

म्हणूनच आजच्या ख्रिस्ती घरांपुढें असलेली अडचण आणि आमच्या आपल्या घरांपुढें असलेली अडचण एकच आहे असें आम्ही मानतों. पूर्वीं परकी सत्ता, परका पैसा, दुष्काळ, बहिष्कार अशा उघड संकटांनीं पायाची परीक्षा होई. आतां ती सुखानें होते. मुलें शिकलीं, पुण्या-मुंबईस गेलीं, परदेशीं गेलीं. इंग्रजी प्रार्थना त्यांना येते, पण आजीचें मराठी भजन येत नाहीं, आणि हिंदु घरांतल्या मुलांना सण ठाऊक असतो, अभंग ठाऊक नसतो. याला कोणा मिशनरीला दोष देतां येत नाहीं आणि कोणतीहि समिति यावर अहवाल लिहिणार नाहीं. वाशीमच्या एखाद्या लहान मंडळींत रविवारीं पंचवीस-तीस माणसें टाळ घेऊन टिळकांचें पद म्हणत असतील तर त्या पदाचा अर्थ शेजारच्या मुलाला सांगणारें एक तरी माणूस तेथें आहे कीं नाहीं, हें विचारावें. आणि मग तोच प्रश्न आपल्या घरींहि विचारावा.